ओट्याला लागलेला खण

आईला झोपवून साताऱ्याहून तासगावला न्यायचं, एवढंच काम होतं. त्याला पाच महिने लागले, तीन सरकारी कचेऱ्या लागल्या, लष्करानं मोडीत काढलेली एक गाडी लागली, आणि माणसं किती लागली ते मी मोजायचं सोडून दिलं. त्यांतल्या प्रत्येकानं मला सल्ला दिला. निम्म्यांनी गाडीला धक्काही दिला. आज मी त्या सगळ्यांचे आभार मानायला बसलोय. त्यामुळं मधेच कुणाबद्दल तिरकं बोललो, तर तेही आभारातच धरावं.

आमच्या आईला सगळे आक्काताई म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत घसरून तिचा खुबा मोडला. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली आणि सांगितलं, "हिंडण्या-फिरण्याचं विसरा. कुठं न्यायचंच झालं तर झोपवून न्या. पाठ सपाट पाहिजे, पाय सरळ पाहिजेत, खुब्यावर ओढ येता कामा नये." तिची धाकटी बहीण साळूबाई तासगावजवळच्या एका गावात राहते. तिचे गुडघे गेलेले. चार वर्षांत ती स्वतःच्या ओट्याच्या चार पायऱ्या उतरलेली नव्हती. म्हणजे एकीला उठता येत नाही आणि दुसरीला उतरता येत नाही. तीन वर्षं दोघींची भेट नव्हती. दिवाळीनंतर आईचं जेवण कमी होत गेलं. अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून ती म्हणायची, "साळूला एकदा बघितली आस्ती म्हंजे..." आणि पुढचं बोलायचीच नाही.

अँब्युलन्स ठरवू म्हटलं, तर ती भिंतीकडं तोंड करून झोपली. त्या गाडीतून गेलेली माणसं परत आलेली तिनं फारशी पाहिली नव्हती.

आमच्या शेजारी सुभेदार नाथाजी राहतात. लष्कराच्या वर्कशॉपात अठ्ठावीस वर्षं गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी हे ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "राजाभाऊ, फिकर नॉट. मी तुमाला चालती खोलीच आनून देतो." मला वाटलं, बोलण्याची पद्धत असेल. आठव्या दिवशी पुण्याच्या लिलावातून घेतलेली एक अवाढव्य गाडी आमच्या कॉलनीच्या तोंडाशी उभी होती आणि भाजीवाल्यांचे गाडे दुसऱ्या गल्लीनं जात होते.

ती लष्कराची फिरती कचेरी होती. गाडी उभी केली, की तिची डाव्या बाजूची भिंत टेबलाच्या खणासारखी अडीच फूट बाहेर ओढता यायची आणि आत चांगली ऐसपैस खोली तयार व्हायची. त्या बाहेर येणाऱ्या भागाला आमच्या घरात पहिल्या दिवसापासून 'खण' म्हणायला लागले. खणात आईची लोखंडी खाट बसली. चार कोपऱ्यांना चार जॅक होते. गाडी कशाही जमिनीवर उभी राहिली तरी ते फिरवून ती समपातळीत आणायची, अशी सोय. पातळीचं नाव निघालं तेव्हा मी म्हणालो, "ते माझ्याकडं." कारण मी पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं कनिष्ठ अभियंता आहे. सातारा-सांगलीतल्या पाटांच्या कडेनं पातळी मोजायच्या दुर्बिणीला डोळा लावून मी निम्मं आयुष्य काढलंय. एका गाडीची पातळी ती काय!

माझी बायको आम्रपाली प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती एवढंच म्हणाली, "बघू."

मग गाडीला नंबर मिळवायचा होता. कचेऱ्यांची नावं घेत नाही, कारण शेवटी त्यांचेही आभारच मानायचे आहेत. पहिल्या कचेरीतले कारकून गाडीभोवती फिरून आले. "आत पलंग आहे. खिडकीला पडदा आहे. हे निवासस्थान झालं. निवासस्थानाला आम्ही नंबर देत नाही. निवासस्थान नसल्याचा दाखला आणा." दुसऱ्या कचेरीत म्हणाले, "हिला चाकं आहेत. चाकाच्या घराला आमच्याकडं रकानाच नाही. मग नसल्याचा दाखला कशाच्या आधारानं देणार?" अशा आम्ही दोन महिने या दोन कचेऱ्यांमधून येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या कचेरीत एक वयस्कर कारकून भेटले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आईंसाठी का?" मी हो म्हणालो. "माझीही सहा वर्षं पडूनच होती." मग त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर वस्तू उभी असता खोली व चालू असता वाहन आहे', आणि त्यावर दोनदा शिक्का मारला. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची मला आजही रुखरुख आहे.

गाडीला आतून पोपटी रंग मी स्वतः दिला. आम्रपाली म्हणाली होती, "देताय तर नीट द्या, मधेमधे ठिगळं नकोत." तेव्हा मी एकही ठिगळ ठेवलं नाही. दाराशेजारी इंग्रजी सूचनांची एक पितळी पट्टी होती, तीही रंगवून टाकली.

निघायच्या आठवडाभर आधी मावशीला पोस्टकार्ड टाकलं. कचेरीची सवय, त्यामुळं थोडक्यात लिहिलं. 'ति. मावशीस, आक्काताई दि. १२ मार्च रोजी खणासह येत आहेत. खण ओट्याला लागेल. तरी ओट्यापुढील जागा मोकळी ठेवावी.' आता यात न समजण्यासारखं काय आहे?

बारा तारखेला सकाळी सातला निघालो. स्टिअरिंगवर सुभेदार, आत आई आणि आम्रपाली, आणि मांडीवर कचेरीतून रीतसर रजिस्टरवर सही करून आणलेली दुर्बीण घेऊन मी. अख्खी कॉलनी निरोपाला आली होती. एकानं एअरगन दिली, वाटेत माकडं असतात म्हणून. खाटेवर नवीन रेक्झिनच्या गादीवर पडून आई पडद्याच्या फटीतून रस्ता बघत होती. दोन वर्षांत तिनं छताशिवाय काही पाहिलं नव्हतं. उंब्रजजवळ उसाचं शेत दिसलं तेव्हा म्हणाली, "आजून तोड चालूच हाय व्हय रं?" त्या एका प्रश्नासाठी मी आणखी दोन महिने येरझाऱ्या घातल्या असत्या.

कराडच्या अलीकडं एका झाडाखाली थांबलो. जेवण उरकायचं होतं आणि खणाची रंगीत तालीमही करायची होती. आधी खण ओढायचा की आधी जॅक लावायचे, यावर सुभेदार आणि मी, दोघंही ठाम होतो. "आदी खन," सुभेदार म्हणाले. "फौजेत सगळं आदी बाहेर काढत्यात आन मग सरळ करत्यात." मलाही तेच पटलं, म्हणून वाद झाला नाही. खण ओढला. मग जॅक फिरवायला घेतले. दुसऱ्या आट्याला गाडीच्या पोटातून कर्र असा आवाज आला, सांगाडा पिळला गेला आणि खण निम्मा बाहेर, निम्मा आत असा अडकून बसला. आम्रपालीनं नखानं पितळी पट्टीवरचा माझा पोपटी रंग खरवडला आणि वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी गाडी समपातळीत आणा, मगच खण ओढा, असं तिथं ठळक अक्षरात लिहिलं होतं. खाली आणखी ठळक अक्षरात, खण बाहेर असताना जॅकला हात लावू नका. मी आणि सुभेदार एकमेकांकडं न बघता भाकरी खाऊ लागलो.

शेवटी कारखान्याकडं निघालेले ऊसवाहतुकीचे तीन ट्रॅक्टर थांबले. सहा-सात गडी उतरले आणि त्यांनी खांदे लावून खण आत ढकलला. "आवं, पेटी कसली म्हनायची ही?" एकानं विचारलं. आतून आई म्हणाली, "पेटी न्हाई बाबा, मी हाय आत." ते सगळे ओशाळले, हसले आणि जाताना खिडकीतून तिच्या हातात उसाची दोन कांडी देऊन गेले. दात नसलेल्या बाईनं ऊस काय करायचा? पण तिनं ती कांडी तासगावपर्यंत उशाशी ठेवली.

गावात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. मावशीच्या ओट्यापुढची जागा मोकळी तर नव्हतीच, वर तिथं बेदाण्याच्या पेट्यांची थप्पी आणि एक ट्रॅक्टर उभा होता. ओट्यावर मावशी पाठ करून बसली होती. तिचा मुलगा जालिंदर पुढं आला. त्याच्या एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात हिरवा खण, म्हणजे चोळीचा, उलट ओटी भरावी लागली तर असू दे म्हणून आणलेला. त्यानं आमचं पोस्टकार्ड वाचून दाखवताना 'ओट्याला'चं 'ओटीला' केलं होतं आणि शेवटच्या ओळीवर पोस्टाचा शिक्का बसला होता. मावशी पाठमोरीच बोलली, "छप्पन सालच्या दीक्षेपासनं वट्या भरायच्या सोडल्या आपन. आन आक्काला आता म्हातारपनी खन सुचतोय? मी न्हाई घ्यायची."

"साळे, खन म्हंजे ही खोली हाय गं!" आई गाडीतून ओरडली.

मावशी त्या आवाजासरशी वळली. तीन वर्षांनी आवाज ऐकला होता तिनं. पण गाडीच्या भिंतीपलीकडं काही दिसेना. मधे जेमतेम सात-आठ फूट अंतर, आणि एकीला उठता येईना, दुसरीला उतरता येईना. ओटा आणि गाडीची तळफळी, म्हणजे आतली जमीन, साधारण एकाच उंचीची होती. खण बाहेर आला की त्याची झडप थेट ओट्याच्या कडेला उघडणार, हाच तर सगळा बेत होता.

जालिंदरनं पेट्या हलवल्या. ट्रॅक्टर हलला. सुभेदारांनी गाडीची डावी बाजू ओट्यापासून पावणेतीन फुटांवर आणून लावली. इतक्यात ग्रामसेवक आप्पासो टेप घेऊन हजर. "रावसाहेब, ही एसटी वळायची जागा हाय. पाच वाजता गाडी येती. आन ह्ये तुमचं अडीच फूट बाहेर येनारं, ह्ये बांधकाम म्हनायचं का काय? अतिक्रमनात बसतंय." मी दोन शिक्क्यांचा कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हंजे आत्ता वाहन, आन खन वढला की खोली. खोली झाली की मला नोटीस काढावी लागनार." मग आईकडं खिडकीतून बघितलं आणि टेप गुंडाळला. "नोटीस टाइप करायला मला पाच वाजत्यात. तेवढ्यात उरका."

मी दुर्बीण लावली. या क्षणासाठी बावीस वर्षं नोकरी केली, असं मला वाटत होतं. जालिंदरला आकड्यांची मोजपट्टी धरून गाडीच्या चारही कोपऱ्यांवर उभं केलं, वाचनं घेतली, वहीत रकाने आखून हिशेब केला आणि सुभेदारांना हुकूम सोडले. "पुढचा उजवा, तीन आटे. मागचा डावा, पाच खाली." सुभेदार घामाघूम होऊन फिरवत होते. चार वाजता मी वही मिटली आणि जाहीर केलं, "समपातळी."

गाव जमलं होतं. अर्जुना गवंड्यानं न विचारता आपली पाणसळ तळफळीवर ठेवली. "रावसाहेब, माग्ल्या अंगाला उतार हाय." मी म्हणालो, "पाणसळ तपासून घे." मग शेजारच्या बायकांनी परातीत पाणी घालून आणलं. पाणी मागच्या काठाला चढलं. मी म्हणालो, परात ठोकलेली आहे. मग कुणीतरी शेडवरून द्राक्षाचा मणी आणून मधोमध सोडला. मणी डुलत डुलत गेला आणि मागच्या दाराशी थांबला. "द्राक्ष पूर्ण गोल नसतं," मी म्हणालो. गवंडी, परात आणि मणी, तिघांचं एकमत आणि एका बाजूला सरकारी दुर्बीण. माणसाची काही प्रतिष्ठा असते की नाही?

खण ओढला. या वेळी तो मुकाट्यानं बाहेर आला आणि ओट्यापासून चार बोटांवर थांबला. पण झडप उघडायच्या आधीच आई कण्हली. तिनं दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरला होता.

"राजा, पायाकडं वढतंय रं. खुबा सुटल्यागत वाटतोय."

"आई, दुर्बीण खोटं बोलत नाही."

"तुझी दुरबीन खरी आसंल. पर माझा खुबा बी खराच हाय की." तिच्या कपाळावर घाम आला होता. डोळे मिटून ती म्हणाली, "मागं फिरव गाडी. साळूचा आवाज ऐकला. बास झालं."

मी वही पुन्हा उघडली. साडेचार झाले होते. आम्रपालीनं माझ्या हातातली वही घेतली आणि मुलांची गणितं तपासावी तशी एकेक ओळ बोट ठेवून तपासू लागली.

"हा आकडा प्रत्येक वेळी वजा कशाला केलाय?"

"कुठला?"

"हा. पुढून मागं येताना, दर वेळी."

मी बघितलं. आणि तिथंच गाडीच्या पायरीवर बसलो.

तो ढाळ होता. पाटाला, चारीला ढाळ द्यावा लागतो, नाहीतर पाणी चालत नाही. बावीस वर्षांत मी एकही गोष्ट खरोखरीच्या समपातळीत आणलेली नव्हती, ते माझं कामच नव्हतं. प्रत्येक वाचनातून ढाळ वजा करायचा, ही हाताला लागलेली सवय. डोंगरातल्या चारीला देतात तो, पन्नासाला एक असा ढाळ मी माझ्या आईच्या खाटेला दिला होता. सोळा फुटांत जवळजवळ चार इंच. तिच्या पोटात पाणी असतं तर ते टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या पार शेवटापर्यंत पोचलं असतं.

सुभेदारांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "राजाभाऊ, मी तर घरात जेवायला बसताना बी पंगत सरळ करतो. सवय हाय. चला, खन आत!" आणि त्यांनी शर्ट काढून ठेवला.

खण आत घेतला. या वेळी दुर्बीण पेटीत गेली आणि मी अर्जुनाला हात जोडले. त्यानं पाणसळ ठेवली, बायकांनी परात ठेवली. परातीतलं पाणी बघून अर्जुना सांगेल तसा सुभेदार जॅक फिरवत होते. पाचला दहा कमी असताना एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग उतरून आत डोकावला, आईला बघितलं, परातीला बघितलं. पुढचं काही न विचारता तो मागच्या जॅकपाशी जाऊन बसला. "कुनीकडं फिरवू, मिस्तरी?" त्या दिवशी अख्खी बस प्रवाशांसकट शाळेपर्यंत उलटी गेली आणि तिथं वळली. कुणीही तक्रार केली नाही. आप्पासोंची नोटीस टाइप होता होता शाईची फीत संपली, असं ते स्वतः येऊन सांगून गेले.

पाणी परातीत निवांत झालं. खण पुन्हा ओढला. मी आईकडं बघितलं. तिनं दांडा सोडला, एक पाय जरासा हलवून पाहिला आणि लांब श्वास सोडला. "आता बरं हाय."

मी झडप उघडली. समोर ओट्यावर मावशी, कडेला सरकून बसलेली. एवढ्या वर्षांचं साचलेलं, आता बोलतील, रडतील, असं वाटून सगळं गाव पुढं सरकलं. मावशीनं हात पुढं केला. तो झडपेच्या चौकटीपर्यंत आला आणि थांबला. आईनंही हात लांबवला. मधे वीतभर अंतर राहिलं. कुशीवर वळायला आईला मनाई होती आणि मावशीला पुढं वाकता येत नव्हतं.

आई माझ्याकडं वळून बघत म्हणाली, "राजा, साळूच्या अंगाला जरा ढाळ दे की रं."

सुभेदार जॅककडं धावले. आम्रपालीनं पितळी पट्टीकडं बोट दाखवून त्यांना अडवलं. मी इकडंतिकडं बघितलं, हाताशी दुसरं काही नव्हतं. माझी लेव्हलची वही आणि तिच्या जोडीला दुर्बिणीच्या पेटीतली गेल्या हंगामाची जुनी वही, दोन्ही सरकारी मालमत्ता. आम्ही खाटेची पलीकडची बाजू हळूच उचलली आणि दोन पायांखाली दोन वह्या सरकवल्या. रेक्झिनच्या गादीवरून आई वीतभर अलगद अलीकडं आली, सपाट पाठीनं, सरळ पायांनी.

मावशीचा हात तिच्या केसांना लागला.

"आक्का, तेल न्हाई गं लावत कोन तुला?" ती म्हणाली, आणि जालिंदरला आतून बाटली आणायला सांगितली.